लिनक्स डेस्कटॉपवरील दृश्य इफेक्ट : कोणते ठेवावेत, कोणते काढावेत आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा-सात वर्षे वापरलेला लॅपटॉप, इंटेलची अंगभूत ग्राफिक्स चिप, 8 जीबी रॅम आणि त्यावर नुकतेच बसवलेले केडीई प्लाझ्मा 6 हे लिनक्सचे डेस्कटॉप. कॉलेजात असताना एका मित्राच्या संगणकावर पाहिलेला कॉम्पिझ या जुन्या इफेक्ट-प्रोग्रामचा फिरता क्यूब (घन), ओढताना लवचिकपणे हलणाऱ्या विंडो आणि मागचे धूसर दाखवणारे पॅनेल हे सारे पुन्हा हवे, म्हणून प्रश्नकर्त्यांनी इफेक्टच्या यादीतील दहा-बारा चौकटींवर टिक केली. आता विंडो ओढताना झटके बसतात आणि पंखा थांबत नाही. एका जुन्या लेखात सांगितल्याप्रमाणे कॉम्पिझही बसवून पाहिले, पण ते चालूच होत नाही.

आपल्याला हवे असलेले तिन्ही इफेक्ट या लॅपटॉपवर नीट चालतील. कॉम्पिझ मात्र काढून टाका, कारण आजच्या प्लाझ्मात त्याला जागाच नाही. ती का नाही हे समजले की पुढचे जवळजवळ सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून आधी तेवढे सांगतो.

कॉम्पिझ नोव्हेल या कंपनीने 2006 च्या सुरुवातीला खुले केले. त्याच वर्षी त्यातून बेरिल नावाची वेगळी शाखा निघाली आणि 2007 मध्ये दोन्ही प्रवाह कॉम्पिझ फ्यूजन या नावाने पुन्हा एकत्र आले. त्या काळी लिनक्सवर एक्स ही खिडकी-प्रणाली होती. तिच्यात प्रत्येक प्रोग्राम आपली विंडो थेट स्क्रीनवर रंगवत असे, आणि वरची विंडो सरकली की खालचा प्रोग्राम आपला झाकलेला भाग पुन्हा रंगवत असे. 2004 च्या सुमारास एक्सला कंपोझिट नावाची जोड मिळाली. तिच्यामुळे प्रत्येक विंडो आधी मेमरीतल्या वेगळ्या कागदावर रंगवायची आणि मग ते सगळे कागद एकावर एक ठेवून अंतिम चित्र दुसऱ्या प्रोग्रामने जुळवायचे, अशी सोय झाली. जुळवणारा हा प्रोग्राम म्हणजे कंपोझिटर. विंडो हा एकदा सुटा कागद झाला की तो वाकवता येतो, अर्धपारदर्शक करता येतो, घनाच्या बाजूवर चिकटवता येतो. सगळ्या इफेक्टचे मूळ इथे आहे. एक्समध्ये हा कंपोझिटर बदलता येत असे, म्हणून कॉम्पिझ कोणत्याही डेस्कटॉपवर बसवता यायचे. प्लाझ्मा 6 फेब्रुवारी 2024 मध्ये आले तेव्हापासून त्याचे डिफॉल्ट सत्र एक्सची जागा घेणाऱ्या वेलँड या नव्या प्रणालीवर चालते, आणि वेलँडमध्ये कंपोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे स्क्रीन सांभाळणारा मुख्य प्रोग्रामही असतो. केविन हे प्लाझ्माचे कंपोझिटर. त्याच्या जागी दुसरे काही बसवणे म्हणजे घराचा खांब काढून तिथे दुसऱ्या घराचा खांब लावण्यासारखे आहे. कॉम्पिझच हवे असा आग्रह असेल तर एक्सवर चालणारे माते डेस्कटॉप घ्यावे, आणि वेलँडवर त्याच धाटणीचे काही हवे असेल तर वेफायर हे स्वतंत्र कंपोझिटर पाहावे. आपल्या गरजेसाठी मला यातले काहीच आवश्यक वाटत नाही.

आता झटक्यांकडे वळू. इफेक्टच्या यादीला हात लावण्यापूर्वी सिस्टम सेटिंग्जमधील माहितीच्या पानावर ग्राफिक्ससमोर काय लिहिले आहे ते वाचा. तिथे इंटेलच्या चिपचे नाव दिसले तर ठीक. त्याऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ असा शब्द दिसला तर बाकी सारे बाजूला ठेवा, कारण त्याचा अर्थ असा की ग्राफिक्स चिप वापरलीच जात नाही आणि प्रत्येक पिक्सेल मुख्य प्रोसेसर रंगवत आहे. एका शाळेच्या संगणक कक्षात मी दोन दिवस एकेक इफेक्ट बंद करत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी हे पान उघडले तेव्हा कळले की कक्षातल्या निम्म्या यंत्रांवर कुणीतरी जुन्या अडचणीवर उपाय म्हणून बूटच्या वेळी ग्राफिक्स ड्रायव्हर अडवून ठेवला होता. ती एक ओळ काढली आणि सर्व इफेक्ट चालू असूनही यंत्रे शांत झाली. तेव्हापासून मी हे पान पाहिल्याशिवाय कोणतीही सेटिंग बदलत नाही.

ड्रायव्हर ठीक असेल तर पुढचा हिशेब वेळेचा आहे. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनवर एका चित्रासाठी कंपोझिटरला 16.67 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही तर जुनेच चित्र आणखी एकदा दिसते, आणि आपल्या डोळ्याला तो झटका वाटतो. फुल एचडी स्क्रीनवर सुमारे 20 लाख 73 हजार पिक्सेल असतात आणि प्रत्येकाला 4 बाइट लागतात, म्हणजे एक चित्र सुमारे 8.3 एमबीचे होते. ते सेकंदाला 60 वेळा फक्त लिहायचे म्हटले तरी सुमारे 500 एमबीची ये-जा होते, आणि एकावर एक असलेल्या प्रत्येक अर्धपारदर्शक थरासाठी मागचे चित्र पुन्हा वाचावे लागते ते वेगळेच. अंगभूत चिपला स्वतःची मेमरी नसते. ती आपल्या रॅममधूनच हे सगळे करते. म्हणून लॅपटॉपमध्ये 8 जीबीची एकच पट्टी आहे की 4 जीबीच्या दोन, याला इथे फार महत्त्व आहे. डीडीआर4-2400 जातीच्या एका पट्टीचा कमाल वेग सेकंदाला 19.2 जीबी आणि दोन पट्ट्यांचा 38.4 जीबी असतो. त्या काळातील बरेच लॅपटॉप एकाच पट्टीसह विकले गेले. दुसरा खाचा रिकामा असेल तर त्यात तशीच पट्टी घाला. इफेक्टच्या दृष्टीने त्याहून परिणामकारक खर्च मला माहीत नाही.

यानंतर एक प्रयोग आवर्जून करा, कारण वाचून जे समजत नाही ते यात डोळ्यांना दिसते. डेस्कटॉप इफेक्ट्सच्या यादीत साधनांच्या गटात ‘शो पेंट’ नावाचा इफेक्ट आहे. तो चालू करून त्याच्या सेटिंगमध्ये एक शॉर्टकट नेमा; तो दाबला की कंपोझिटर स्क्रीनचा जो भाग नव्याने रंगवतो त्यावर रंगीत छटा येते. काही न करता बसलात तर स्क्रीन स्थिर राहते. मजकुराचा संपादक उघडा : लुकलुकणाऱ्या कर्सरपुरता एक लहानसा चौकोन रंग बदलत राहील. पॅनेलवरच्या घड्याळात सेकंद दाखवायचे ठरवले तर दर सेकंदाला तो कोपरा बदलेल. आता एखादा व्हिडिओ चालू करा आणि त्यावर पारदर्शक, धूसर पार्श्वभूमीचा टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची विंडो) आणून ठेवा. व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेमला टर्मिनलच्या खालचे चित्र बदलते, म्हणून धूसरपणाचे सगळे गणित प्रत्येक वेळी नव्याने करावे लागते, आणि टर्मिनलचा तो पट्टा सतत रंग पालटताना दिसतो. टर्मिनलमध्ये आपण एक अक्षरही टाइप केलेले नसते. पंखा का थांबत नाही याचे उत्तर बहुधा इथेच मिळेल. प्रयोग झाला की हा इफेक्ट लगेच बंद करा. सतत बदलणारे रंग डोळ्यांना फार त्रास देतात.

धूसरपणा, म्हणजे ब्लर, हा आपल्या यादीतील सर्वांत महागडा इफेक्ट आहे. एका पिक्सेलभोवती सर्व दिशांना 15 पिक्सेलपर्यंतची सरासरी सरळसोट पद्धतीने काढायची म्हटली तर 31 गुणिले 31, म्हणजे 961 वाचने प्रत्येक पिक्सेलमागे करावी लागतील. केविनने 2018 मध्ये, प्लाझ्मा 5.13 पासून, ड्युअल कावासे ही पद्धत घेतली. तिच्यात चित्र आधी लांबी-रुंदीने निम्मे, मग त्याच्या निम्मे असे लहान करत नेतात आणि त्याच पायऱ्यांनी पुन्हा मोठे करतात; लहान करताना आणि मोठे करताना प्रत्येक वेळी थोडी सरासरी होत जाते. प्रत्येक पायरीवर पिक्सेल एक चतुर्थांश उरतात, त्यामुळे लहान केलेल्या सर्व प्रतींची बेरीजही मूळ चित्राच्या एक तृतीयांशापेक्षा कमीच भरते. म्हणूनच ब्लरच्या सेटिंगमधील तीव्रतेची पट्टी थोडी डावीकडे नेल्याने काम फारसे कमी होत नाही. खरा फरक पडतो तो धूसर भागाचे क्षेत्रफळ कमी केल्याने. पॅनेल आणि मेनू यांच्यापुरता ब्लर ठेवा, मोठ्या विंडोंना पारदर्शक करणाऱ्या थीम टाळा, आणि ज्या टर्मिनलमध्ये दिवसभर काम करायचे त्याच्या रंगसंगतीत पार्श्वभूमीची पारदर्शकता शून्य ठेवा. पॅनेलच्या संपादनात अपारदर्शकतेचे तीन पर्याय आहेत. त्यांतला परिस्थितीनुसार बदलणारा पर्याय मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण विंडो पॅनेलला टेकली की तो पॅनेल आपोआप भरीव करतो.

पारदर्शकतेबद्दल आपल्या लिपीच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांमध्ये सापडणार नाही. देवनागरीत शब्दाच्या माथ्यावरून शिरोरेखा जाते. मागच्या विंडोतही मजकूर असेल, तक्ता असेल किंवा नुसत्या आडव्या रेघा असतील, तर पारदर्शक थरातून त्या रेघा वर येतात आणि डोळा त्यांना शिरोरेखेत मिसळतो. अनुस्वार, रफार आणि वेलांटीचा वळसा हे सगळे शिरोरेखेच्या वरचे तपशील त्या गोंधळात आधी हरवतात. ‘चिता’ आणि ‘चिंता’ यांत फरक एका टिंबाचा आहे. रोमन लिपीला 15 टक्के पारदर्शकता सहज चालून जाते; मराठी मजकुराला ती त्रासदायक ठरते. मराठी वाचायची आणि लिहायची विंडो पूर्ण भरीवच असावी, असे माझे ठाम मत आहे. याच संदर्भात आणखी एक खुलासा : स्क्रीनचे मापन (स्केल) 125 टक्के ठेवले असेल आणि काही जुन्या प्रोग्राममध्ये अक्षरे पुसट दिसत असतील, तर तो ब्लर इफेक्टचा दोष नव्हे. एक्ससाठी लिहिलेले प्रोग्राम वेलँडवर चालताना त्यांचे तयार चित्र ताणून मोठे केले जाते, त्याचा तो परिणाम आहे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये अशा जुन्या प्रोग्रामना स्वतःच आकार ठरवू देण्याचा पर्याय असतो, तो निवडा.

लवचिक विंडोंचा इफेक्ट, म्हणजे वॉबली विंडोज, दिसायला भारी असला तरी चिपवर त्याचा भार आश्चर्य वाटावे इतका कमी आहे. विंडोवर चार गुणिले चार अशी सोळा बिंदूंची जाळी कल्पिलेली असते. शेजारचे बिंदू जणू स्प्रिंगने जोडलेले असतात, आणि आपण जिथे पकडतो तिथला भाग हाताबरोबर येतो, बाकीचे मागून ओढले जातात. सोळा बिंदूंचे गणित प्रोसेसरला किरकोळ आहे. त्या बिंदूंवरून वक्र पृष्ठ काढून त्यावर विंडोचे चित्र ताणणे हे काम तर ग्राफिक्स चिपचे रोजचेच. तरीही हा इफेक्ट अनेकांना दोन दिवसांत नकोसा होतो, कारण ते लवचिकतेची पट्टी शेवटपर्यंत नेतात आणि विंडो ठेवल्यावरही ती बराच वेळ हेलकावत राहते. पट्टी सर्वांत कमी लवचिकतेवर ठेवून सुरुवात करा. तेवढ्याने समाधान झाले नाही तर प्रगत पर्याय उघडा. तिथे कडकपणा, ओढ आणि हालचालीचा गुणक अशा तीन पट्ट्या दिसतात. कडकपणा वाढवला की जाळी लवकर मूळ आकारात येते, म्हणून मी प्रथम तीच हलवतो. विंडोचा आकार बदलतानाची लहर मात्र बंद करा. आकार बदलताना आपल्याला कड नेमक्या जागी आणायची असते, आणि हलणारी कड नेमकी कुठे आहे ते कळत नाही.

क्यूबसाठी फार सांगण्यासारखे नाही. तो मधल्या काळात प्लाझ्मातून गेला होता आणि प्लाझ्मा 6 बरोबर परत आला. यादीत दिसत नसेल तर प्लाझ्माच्या अतिरिक्त जोडांचे पॅकेज आपल्या लिनक्स वितरणाच्या (उबुंटू, फेडोरा वगैरे) सॉफ्टवेअर-भांडारातून बसवा. आभासी डेस्कटॉप चार करा, म्हणजे घनाच्या चारही बाजू भरतील, आणि मेटा (विंडोजचे चिन्ह असलेली कळ) व सी या कळा एकत्र दाबा. तो आपण बोलावला तरच येतो, त्यामुळे एरवी त्याचा काहीही भार नाही. ठेवा खुशाल.

वेगाबद्दल मात्र थांबून विचार करा. सर्व इफेक्टना लागू होणारी ॲनिमेशनच्या वेगाची एक पट्टी सेटिंग्जमध्ये आहे, आणि माझ्या अनुभवात ती इफेक्टच्या संपूर्ण यादीपेक्षा महत्त्वाची आहे. विंडो खाली जाऊन टास्कबारमध्ये शिरते तेव्हा ती हालचाल आपल्याला सांगते की विंडो बंद झालेली नाही, ती तिथे आहे. डेस्कटॉप डावीकडे सरकतो तेव्हा आपले काम डावीकडे राहिले हे कळते. एवढे सांगायला पाव सेकंद पुष्कळ झाला. 60 हर्ट्झवर तेवढ्यात 15 फ्रेम येतात आणि त्यांत हालचाल सलग दिसते. अर्धा सेकंद लागला की आपण वाट पाहू लागतो, आणि दिवसातून शेकडो वेळा वाट पाहायला लावणारी गोष्ट कितीही सुंदर असली तरी शेवटी खुपतेच. पट्टी मधल्या खुणेच्या एक-दोन घरे पुढे, जलद बाजूला ठेवा. याच यादीत काही चौकटी गोल दिसतात, त्यांतला एकच पर्याय निवडता येतो : विंडो लहान होताना मॅजिक लॅम्प किंवा स्क्वॉश, उघडताना स्केल, फेड किंवा ग्लाइड. मॅजिक लॅम्प विंडो कुठे गेली ते सर्वांत स्पष्ट दाखवतो, म्हणून तो घ्या. उघडण्यासाठी साधा स्केल पुरे. बंद होताना विंडोचे तुकडे उडवणारा ‘फॉल अपार्ट’ काढून टाका. बंद केलेल्या वस्तूकडे आपले लक्ष पुन्हा ओढून घेण्याचे काहीच कारण नसते.

काही इफेक्ट शोभेचे नसून खऱ्या उपयोगाचे आहेत आणि त्यांच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. निष्क्रिय विंडो मंद करणारा ‘डिम इनॲक्टिव्ह’ दोन कागदपत्रे शेजारी ठेवून काम करणाऱ्याला फार उपयोगी पडतो. मंदपणा थोडाच ठेवा. माऊस जोरात हलवला की कर्सर मोठा करणारा इफेक्ट प्लाझ्मा 6.1 पासून आहे, आणि दोन स्क्रीन वापरणाऱ्याने तो बंद करू नये. ऑनलाइन शिकवणाऱ्यांनी क्लिकभोवती वर्तुळ उमटवणारा इफेक्ट आणि मेटा व बरोबरच्या (=) चिन्हाने चालणारा झूम हे दोन्ही चालू करावेत. विद्यार्थ्याला ‘कुठे क्लिक केले?’ असे विचारावे लागत नाही. याच्या उलट, हलत्या दृश्यांनी ज्यांना गरगरते किंवा डोके दुखते अशा घरातील व्यक्तीसाठी त्यांच्या खात्यात वेगाची पट्टी टोकाला नेऊन ‘तात्काळ’वर ठेवा. सेटिंग्ज प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतंत्र असतात, म्हणून एकाच लॅपटॉपवर दोघांची सोय होते.

इतर डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी थोडेसे. जीनोममध्ये अशी यादीच नाही. तिथे इफेक्ट एक्स्टेन्शनमधून, म्हणजे वेगळ्या बसवायच्या जोडांमधून येतात, जसे ‘ब्लर माय शेल’, ‘बर्न माय विंडोज’ किंवा ‘डेस्कटॉप क्यूब’. ती चांगली आहेत, पण ती जीनोम शेलच्या आतल्या कोडला हात घालतात, त्यामुळे आवृत्ती बदलली की अडतात. सप्टेंबर 2023 मध्ये जीनोम 45 ने मॉड्यूल आयात करण्याची पद्धत बदलली तेव्हा आधीची सगळी एक्स्टेन्शन नव्याने जुळवावी लागली. म्हणून आवृत्ती वाढवण्यापूर्वी सर्व एक्स्टेन्शन बंद करून मगच पुढे जावे. एक्सएफसीईच्या कंपोझिटरमध्ये मुख्यतः सावल्या आणि पारदर्शकता मिळते, आणि जुन्या यंत्रावर तेच योग्य आहे.

शेवटचे काम बदल करण्याआधीचे आहे. होम फोल्डरमधील ‘डॉट कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात ‘केविनआरसी’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिची प्रत काढून ठेवा. मग इफेक्टच्या पानावर ‘डिफॉल्ट्स’ दाबून सगळे मूळ पदावर आणा आणि रोज एकच इफेक्ट वाढवा, म्हणजे झटके परत आले तर कोणामुळे आले हे शोधावे लागणार नाही. लॉगिननंतर स्क्रीनवर काहीच दिसेनासे झाले तर कंट्रोल, आल्ट आणि एफ3 या कळा एकत्र दाबा. मजकुराचा कन्सोल उघडेल. तिथे आपल्या नावाने लॉगिन करून त्या फाइलचे नाव बदला आणि संगणक पुन्हा सुरू करा. प्लाझ्मा मूळ सेटिंगसह नवी फाइल तयार करील. जुनी फाइल मात्र पुसू नका. तिच्यात ‘प्लगिन्स’ या शीर्षकाखाली चालू-बंद केलेल्या प्रत्येक इफेक्टची एकेक ओळ असते आणि ज्याच्या पट्ट्या आपण हलवल्या त्याचा स्वतंत्र विभाग असतो. संशय असलेल्या इफेक्टच्या ओळीतील ‘ट्रू’च्या जागी ‘फॉल्स’ लिहून ती फाइल पुन्हा जागेवर ठेवली, तर बाकीची सगळी मांडणी होती तशीच परत मिळते.